दारातला कडुलिंब आणि कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात:

"आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला मोठा कडुलिंब आहे आणि मागच्या बाजूला आंबा. फाल्गुन लागला की रोज दोन चुंगड्या, म्हणजे दोन पोती, पाला निघतो. कचरागाडीवाला तो घेत नाही. घ्यायचाच असेल तर पन्नास रुपये मागतो. शेजारचे काकाजी पहाटे साडेपाचला अंगण झाडून पाला पेटवतात आणि सगळा धूर आमच्या खिडकीतून आत येतो. सासूबाईंना दमा आहे. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर साऱ्या गल्लीचा कचरा पडतो. मी ओला आणि सुका कचरा वेगळा देते, पण गाडीत तो माझ्या डोळ्यांदेखत एकत्र होतो. मग वेगळा करायचा तरी कशाला? काकाजींची तक्रार करावी का? आमच्या घरून म्हणतात, कडुलिंबच तोडून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण ते सगळे मला एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात. आपण कचऱ्याचा विचार गाडीपासून सुरू करतो. गाडी कधी येईल, काय घेईल, काय नाकारेल, घेतलेले वेगळे ठेवील की एकत्र करील, यातच आपली सकाळ जाते. माझे सांगणे असे की हा विचार गाडीच्या अलीकडे, आपल्या फाटकाच्या आत सुरू करावा. गाडीपर्यंत जे जाऊच द्यायचे नाही ते आधी बाजूला काढले, तर उरते ते इतके थोडे असते की त्यावरून वाद घालण्यासारखे फारसे राहत नाही. तुमच्या घरी अशी बाजूला काढण्याजोगी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे हा पाला.

झाडाचे आधी सांगते, म्हणजे तो विचार मनातून निघून जाईल. शहरातले झाड आपल्या अंगणात असले तरी ते तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याने तसे बंधन घातलेले आहे. पण कायदा नसता तरी मी तुम्हाला नकोच म्हटले असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्या कडुलिंबाखाली आलेली स्लॅब आणि उघडी स्लॅब यांतला फरक सासूबाईंना विचारा. वर्षातून पाच-सहा आठवड्यांच्या पानगळीसाठी उरलेल्या साऱ्या वर्षाची सावली देऊन टाकण्याचा हा सौदा आहे.

आता गाडीवाला पाला का घेत नाही ते पाहू. यात त्याचा आडमुठेपणाच आहे असे मला वाटत नाही. वाळलेला पाला वजनाला काहीच नसतो, पण जागा फार खातो. दहा घरांनी दोन-दोन चुंगड्या दिल्या तर गाडी एका गल्लीतच भरून जाईल आणि पुढच्या गल्ल्यांतल्या बायका शिळ्या भाजीच्या बादल्या घेऊन दारात उभ्या राहतील. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही बागेतल्या कचऱ्याबद्दल हेच सांगितले होते: तो आपल्या आवारात वेगळा साठवावा आणि महापालिका सांगेल त्या रीतीने त्याची विल्हेवाट लावावी. रस्त्यावर पडलेला पाला झाडणे हे महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम आहे. कुंपणाच्या आतला पाला आपला. तुमच्या झोन कार्यालयात एकदा लेखी विचारून घ्या, की तुमच्या वस्तीतला बागेचा कचरा उचलायला वेगळी गाडी येते का आणि येत असल्यास कोणत्या वारी. उत्तर आल्यास उत्तम, पण त्याची वाट पाहत पाला साठवू नका.

पन्नास रुपये देऊ नका. रोजचा ओला आणि सुका कचरा घेण्यासाठी दारात पैसे मागण्याचा तर गाडीवाल्याला अधिकार नाही, आणि तसे कोणी मागितले तर तारीख व गाडीचा क्रमांक लिहून झोन कार्यालयात तक्रार द्यावी. पाल्याचे पैसे न देण्याचे कारण मात्र वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी मीही असे पैसे देत असे आणि सुटलो बाई एकदाचे, असे मला वाटत असे. मग एका संध्याकाळी फिरायला गेले असता पलीकडच्या गल्लीतल्या नाल्याच्या काठावर आमच्याच तीन चुंगड्या उघड्या पडलेल्या दिसल्या. एकीवर आमच्या किराणा दुकानाचे निळे अक्षर होते, म्हणून ओळखू आल्या. मी पैसे मोजून माझा कचरा दुसऱ्याच्या दारात टाकून घेतला होता. तुमच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवरही पाल्याच्या चुंगड्या दिसतात का, ते एकदा जवळ जाऊन पाहा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक काढून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आपण सगळे नको असलेले गावाबाहेर धाडतो. कचऱ्याच्या बाबतीतही आपली तीच समजूत राहिली आहे, पण आता गावाबाहेर असे काही उरलेले नाही. रोज हजार टनांहून अधिक कचरा आपले शहर भांडेवाडीच्या कचरा डेपोला पाठवते आणि त्या डेपोला लागून माणसांच्या वस्त्या आहेत. उन्हाळ्यात तिथल्या ढिगांना आग लागली की त्या घरांतल्या दमेकऱ्यांची अवस्था तुमच्या सासूबाईंसारखीच होते. ओले आणि सुके एकत्र कुजले की आतल्या आत ज्वालाग्राही वायू तयार होतो आणि वर कोरडा पाला, कागद, प्लास्टिक असते. आग धरायला मग वेळ लागत नाही. तुमचा पाला तिथे न जाणे हे त्या लोकांच्याही हिताचे आहे.

पाल्याचे काय करायचे ते आता नीट सांगते, कारण इथेच बहुतेक जण एकदा प्रयत्न करून सोडून देतात. इतवारीत लोहाओळीत किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात चार फूट रुंदीची लोखंडी जाळी मिळते. दहा फूट लांब तुकडा घ्या, त्याची दोन टोके तारेने बांधा. तीन फुटांहून थोड्या अधिक व्यासाचा, चार फूट उंच पिंजरा तयार होईल. तो मातीवर ठेवा, फरशीवर नको. मात्र घराच्या भिंतीपासून आणि लाकडी दारांपासून दूर ठेवा, कारण मातीतून उधईचा उपद्रव होऊ शकतो. तळाशी वीतभर जाड काड्या घाला, म्हणजे खालून हवा खेळेल. तुमच्याकडे मार्च महिन्यात कूलरच्या ताट्या बदलल्या जात असतीलच. त्यांतली जुनी खस किंवा लाकडाची लोकर फेकू नका आणि जाळूही नका. तिच्यावरचा पांढरा क्षार झटकून ती या तळाच्या थरात घातली की चांगली उपयोगी पडते.

त्यावर पाला टाकत जा. दर फूटभर पाल्यावर एक बादली शेणकाला शिंपडा. शेण मिळत नसेल तर आंबट ताक पाण्यात कालवून चालते, आणि जुने खत असेल तर त्याच्या दोन ओंजळी सर्वांत उत्तम. कडुलिंबाची पाने बारीक असतात, ती लवकर कुजतात. आंब्याची पाने जाड आणि मेणचट असतात, ती वर्षभर तशीच राहू शकतात. म्हणून ती उन्हात वाळवून पायाखाली किंवा काठीने चुरडून मगच टाका. बहुतेकांचा प्रयत्न पुढच्या पायरीवर फसतो. आपल्या चैत्र-वैशाखात पिंजरा वरून ओला दिसतो आणि आत सुकून जातो, आणि सुक्या पाल्यात काही कुजत नाही. आत हात घालून मूठभर पाला काढा आणि घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब बोटांच्या फटीत आला तर ओल योग्य आहे. हात कोरडा राहिला तर पाणी हवे आहे, आणि पाण्याची धार लागली तर कोरडा पाला मिसळायला हवा. उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी पाणी द्यावे लागते. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी यासाठी वेगळे भरून ठेवले तर नळाचे पाणी खर्च होत नाही. वरून एक ओली चुंगडी पसरून ठेवा. पंधरवड्यातून एकदा लाकडी दांड्याने खालवर करा.

याच पिंजऱ्यात तुमच्या स्वयंपाकघरातला ओला कचराही मावतो. एक भाग ओला कचरा टाकला की त्यावर तीन भाग पाला दाबून टाकायचा, एवढे प्रमाण सांभाळले तर वास येत नाही आणि माशाही होत नाहीत. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते, पाल्यात कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात. नुसता ओला कचरा सडतो आणि नुसता पाला महिनोन्‌महिने पडून राहतो, म्हणूनच ज्या गल्लीत पानगळ होते त्या गल्लीला खरे तर खत करणे इतरांपेक्षा सोपे जायला हवे. संत्र्याच्या सालींबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. मृग बहाराची संत्री बाजारात असतात तेव्हाच पानगळही असते. साली हाताने बारीक तोडून टाका, एकाच जागी ढीग करू नका. त्यांवर हिरवी-पांढरी बुरशी आली की घाबरू नका, ती बुरशीच त्यांना खाऊन टाकत असते. शिजवलेले तेलकट अन्न आणि हाडे मात्र यात नकोत. ती गाडीच्या ओल्या कप्प्यातच द्या.

होळीच्या सुमारास भरलेला पिंजरा आषाढात निम्म्याहून खाली बसलेला असतो आणि दसऱ्यापर्यंत खत तयार होते. पहिल्या वर्षी मी तो आषाढात उकरून पाहिला होता. वरची पाने ओळखू येत होती, वीतभर खाली नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि त्याखाली काळे, भुसभुशीत खत होते, ज्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास होता.

पिंजऱ्यात न मावलेला पाला कुंड्यांत आणि झाडांच्या आळ्यांत चार बोटे जाड पसरून द्या. संत्र्याच्या बागांत आच्छादन करतात ते याचसाठी, की उन्हाने मातीतली ओल उडून जाऊ नये. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाला गळतो आणि त्याच वेळी मातीला पांघरूण हवे असते. हे पांघरूण झाडून बाहेर टाकायचे आणि मग दोन वेळा पाणी घालत बसायचे, ही आपण स्वतःवर लादून घेतलेली मेहनत आहे. फक्त खोडाला पाला टेकू देऊ नका, हातभर जागा मोकळी ठेवा.

आता काकाजी. धुराचा प्रश्न तातडीचा आहे, पण तरीही तक्रारीपासून सुरुवात करू नका. पहाटे उठून अंगण झाडणारा वयस्क माणूस आपण स्वच्छता राखतो आहोत याच भावनेने काडी लावतो. त्याला गुन्हेगार ठरवले तर पुढची दहा वर्षे तुमच्या दोन घरांत बोलणे होणार नाही. संध्याकाळी, सासूबाईंना बरोबर घेऊन, चहाच्या वेळी त्यांच्याकडे जा. सासूबाईंनाच बोलू द्या. रात्री कशी उठून बसावे लागते, पंप किती वेळा घ्यावा लागतो, एवढे त्यांनी सांगितले तरी पुरे. नंतर तुम्ही म्हणा, "काकाजी, तुमचा पाला मला हवा आहे. तुम्ही झाडून चुंगडीत भरून ठेवा, मी रोज घेऊन जाते." ज्याच्याकडून काही मागितले जाते तो माणूस ऐकतो, ज्याला काही करू नका असे सांगितले जाते तो वाद घालतो, असा माझा अनुभव आहे. तुमच्या पिंजऱ्याला तो पाला जड होणार नाही, कारण कुजताना ढीग झपाट्याने खाली बसतो.

ते म्हणतील की कडुलिंबाच्या धुराने डास जातात. ही समजूत जुनी आहे आणि अगदीच निराधार नाही, पण धूर असेतोवरच डास दूर राहतात. पहाटेच्या थंडाव्यात धूर वर चढत नाही, जमिनीलगत पसरून खिडक्यांमधून आत शिरतो. दवाने ओलसर झालेला पाला धड पेटत नाही, नुसता धुमसतो, आणि त्या धुरातले सूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि कूलरच्या टाकीतल्या, कुंडीखालच्या ताटलीतल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. काकाजींना डासांची काळजी असेल तर आठवड्यातून एकदा कूलरची टाकी कोरडी करून घासायला त्यांना मदत करा.

एवढे करूनही पेटवणे थांबले नाही तर मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे आणि त्याचा आधार घेण्यात संकोच करू नका, कारण इथे प्रश्न शेजारधर्मापेक्षा श्वासाचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये, अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर निर्णय देताना, उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकारात 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. पाला त्यातून सुटत नाही. महापालिकेचे उपद्रव शोध पथक अशा तक्रारींवर कारवाई करते. रस्त्याच्या कडेला झाडलोट झाल्यावर ढीग पेटवला जात असेल तर तीच मनाई तिथेही लागू आहे.

मोकळ्या प्लॉटच्या बाबतीत दोन कामे एकाच वेळी करावी लागतील. पहिले कागदी आहे: प्लॉट स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते, म्हणून छायाचित्रांसह आणि गल्लीतल्या आठ-दहा घरांच्या सह्यांसह झोन कार्यालयाला अर्ज द्या आणि मालकाला नोटीस देण्याची व कुंपण घालून घेण्याची मागणी करा. अर्जाची पोच घ्या. दुसरे काम कागदावर होत नाही. तिथे कचरा कोण टाकते आणि का, हे आठवडाभर लक्ष ठेवून पाहा. माझ्या पाहण्यात असे आले आहे की रस्त्यावर टाकणाऱ्यांतले बरेच जण बेफिकीर नसतात. गाडी येते तेव्हा ते घरात नसतात. रात्रपाळी करून झोपलेली परिचारिका, भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी, सकाळी सातला दोघेही कामावर जाणारे जोडपे यांनी पिशवी कोणाकडे द्यायची? गल्लीत अशी चार घरे असतील तर त्यांच्या झाकणाच्या बादल्या फाटकाच्या आत ठेवून गाडीत रिकाम्या करण्याची जबाबदारी शेजारच्या घरांनी वाटून घ्यावी. हे ठरले, की मग एकदा प्लॉट साफ करून घ्या. आधी साफसफाई आणि मग व्यवस्था, असे केले तर आठवड्यात ढीग पुन्हा उभा राहतो. आणखी एक, पावसाळ्यापूर्वी हे व्हायलाच हवे. 23 सप्टेंबर 2023 च्या पुराची कारणे मोठी होती आणि त्याचे खापर मी कोपऱ्यावरच्या ढिगावर फोडणार नाही, पण पाल्याने आणि पिशव्यांनी तुंबलेल्या नालीमुळे साध्या पावसातही गल्लीत गुडघाभर पाणी साचते, हे आपण दरवर्षी पाहतो.

राहिला तुमचा सर्वांत मनापासून विचारलेला प्रश्न, की गाडीत सगळे एकत्रच होणार असेल तर वेगळे का करावे. तुमची निराशा मी समजू शकते. यावर माझा उपाय असा आहे: दोन्ही कचरे एकाच दिवशी गाडीत देऊच नका. ओला कचरा आता बहुतेक पिंजऱ्यात जाईल. उरलेला तेवढा रोज द्या. सुका कचरा घरात साठवा, तो सडत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून एकात एक घाला. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, दुधाच्या पिशव्या हे सगळे महिन्यातून एकदा कबाड्याला द्या. त्याच्याकडून ते पुढे त्या-त्या मालाच्या कारखान्यापर्यंत पोहोचते, आणि त्यात गाडीचा काही संबंधच येत नाही. मग चिप्सची पाकिटे, तुटक्या चपला अशा गोष्टी उरतात. त्या आठवड्यातून एखाद्या ठरलेल्या दिवशी, त्या दिवशी ओले काहीही न देता, स्वतःच्या हाताने गाडीच्या सुक्या कप्प्यात टाका. गाडीवर दोन कप्पे नसतील, किंवा असूनही वापरले जात नसतील, तर ती तक्रार मात्र लेखी करायलाच हवी. ती एकट्याने न करता गल्लीने करावी. फुटकी फरशी, सिमेंट, विटांचे तुकडे असा मलबा गाडीत टाकायचा नसतो, त्याची वेगळी व्यवस्था असते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी एकदा फुटलेली ट्यूबलाइट सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तशीच घातली होती. दुसऱ्या दिवशी गाडीवरचा मुलगा दारात आला तो उजव्या पंजाला फडके बांधून. तो रागावला नाही. त्याने फडके सोडून अंगठ्याच्या मुळाशी झालेली जखम दाखवली आणि म्हणाला, "बाई, काच असली तं सांगत जा ना." तेव्हापासून आमच्याकडे काच जाड कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून आणि मोठ्या अक्षरात "काच" असे लिहून वेगळी हातात दिली जाते. सासूबाईंची इंजेक्शने असतील तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावे. डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावेत. मुदत संपलेली औषधे, बॅटरीचे सेल, जुन्या ट्यूब, रंगाचे डबे यांसाठी घरात एक वेगळा डबा असू द्या आणि त्यातले काहीही ओल्या-सुक्यात मिसळू नका.

कडुलिंबाची पानगळ संपायला आता तीनेक आठवडे उरले असतील. जाळी येत्या रविवारी आणा आणि काकाजींकडे त्याआधी, शक्य असेल तर उद्याच संध्याकाळी जा. तोवर पहाटे पाच ते सात त्यांच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवून सासूबाईंची खाट आंब्याकडच्या खोलीत हलवा.